आक्काचा डावा डोळा

११ नोव्हेंबर १९८३, शुक्रवार

सकाळपासून ब्याऐंशी पेशंट! दिवाळी संपून वखारी सुरू झाल्या की निपाणीत शिंकांचा आणि डोळ्यांचा हंगाम लागतो. तंबाखू चाळणाऱ्या बायका रांगेतच डोळ्याला पदर लावून उभ्या. निम्म्यांना मी खुर्चीवर बसूसुद्धा देत नाही. दारातच ओळखतो — खकाणा! तंबाखूची ती बारीक धूळ मी जन्मापासून खाल्लीय, मला काय सांगता? डोळ्यात थेंब, बोरिकच्या पाण्यानं धुणं, दोन दिवस काम बंद. (बंद कोण करतंय!)

रांगेत आक्कापण होती. थोरली बहीण, पण कधी पुढं घुसणार नाही. "लाईनीतच येतो की रं, लोक काय म्हन्तील." सांगत होती की वखारीत डाव्या डोळ्यावर वरनं पडदा सोडल्यासारखा अंधार उतरला, दोन-तीन मिनिटं राहिला आणि आपोआप गेला. डोळा लाल नाही, पाणी नाही, दुखत नाही. थेंब दिले. मशेरी सोड म्हणालो. हसली नुसती.

२ डिसेंबर, शुक्रवार

आक्का परत आली. डोळ्याचं तेच. या वेळी भाकरी थापताना. उजव्या हाताची बोटंही थोडा वेळ जड झाली म्हणाली. "वय झालं आता तुझं," असं म्हणून थेंब बदलून दिले. मागं तीस माणसं ताटकळत होती.

१९ डिसेंबर, सोमवार

व्यापारी मंडळाच्या सभागृहात माझं भाषण — ‘तंबाखू आणि कामगारांचे डोळे’. टाळ्या! ज्यांच्या घरात मी पहिल्या दोन वर्षांत पाणीसुद्धा प्यायलो नाही (कुणी दिलंच नाही), ती मंडळी पहिल्या रांगेत. चौदा वर्षं लागली, पण आली.

२१ जानेवारी १९८४, शनिवार

सकाळी आठला आक्काची लेक यल्लव्वा धावत आली, पायात चप्पल नाही. "मामा, आईचा हात पडला. बोलंना झालीया."

आक्का चुलीपाशी भिंतीला टेकवलेली. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा, उजवा पाय थोडाफार हलत होता. डोळे उघडे. मला ओळखत होती! बोलायला बघत होती आणि तोंडातून फक्त "व्हय... व्हय..." येत होतं.

शेजारची अंबुबाई म्हणाली, "आत्ता नळावरनं दोन घागरी आणल्या तिनं, यल्लीनंच धाडलतं." यल्लव्वा भिंतीशी बसून कपाळ बडवून घेत होती. "माझंच चुकलं मामा, माझंच चुकलं."

मी रक्तदाब घेतला, छाती तपासली. आणि मग, का कुणास ठाऊक, स्टेथोस्कोप मानेवर ठेवला. उजवीकडं काही नाही. डावीकडं ठेवला. प्रत्येक ठोक्याला सूंऽ सूंऽ, बंद पडत आलेल्या नळातनं पाणी जातं तसा आवाज. मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी नाडी आत चोंदत आली होती. त्या आवाजासाठी पदवी लागत नाही, फक्त नळी मानेवर ठेवावी लागते. नोव्हेंबरात ठेवायची ती मी जानेवारीत ठेवली. बैल गेला नि झोपा केला!

भाड्याच्या अँबॅसिडरमधनं बेळगाव. आक्काचं डोकं माझ्या मांडीवर. हे तिथल्या इस्पितळाच्या ओसरीत बसून लिहितोय.

२२ जानेवारी, रविवार

लिहायची लाज वाटते. पण इथं नाही लिहिलं तर कुठं लिहू.

काल आक्काला डॉ. हुद्दार यांनी तपासलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, शांत माणूस. त्यांनीही मानेवर नळी ठेवली — पहिल्यांदा तिथंच! मग म्हणाले, "डावी कॅरोटिड दिसते. गुठळी त्या नाडीतच धरलीय, की हृदयातून सुटून वर गेलीय, ते ठरवावं लागेल." आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "डॉक्टर, याआधी कधी डाव्या डोळ्यापुढं अंधार? काही मिनिटांपुरता?"

मी म्हणालो, "नाही."

एक शब्द. तो त्यांनी कागदावर लिहिला. यल्लव्वा पेल्यात पाणी घेऊन शेजारीच उभी होती. आईच्या डोळ्याचं तिला सगळं ठाऊक. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.  मामाचा मान राखला पोरीनं.

का म्हणालो? विचार करून नाही. चाळीस पेशंटांच्या वॉर्डात, दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर, "होय, माझ्याकडं दोनदा आली होती आणि मी डोळ्यात थेंब घातले" — हे वाक्य जिभेवर आलंच नाही. दुसरंच आलं.

२४ जानेवारी, मंगळवार

हुद्दारांनी रक्त पातळ ठेवायचं हेपॅरिन सुरू केलंय. हृदयाचा आलेख काढला, उद्या पुन्हा काढणार. त्यांना संशय हृदयाचा. का असणार नाही? डोळ्याचं नाही असं एका डॉक्टरनं सांगितलंय! डोळ्याचं होय म्हटलं असतं तर बोट सरळ मानेकडं गेलं असतं. डोळ्याला रक्त नेणारी फांदी त्याच नाडीतनं निघते. तिथनं गुठळीचा कण सुटला की डोळा दोन मिनिटं विझतो, मोठा सुटला की हात आणि वाचा जाते. हे मी विद्यार्थी असताना पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते!

आक्का सगळ्याला "व्हय" म्हणते. दुखतंय का? व्हय. नाही दुखत? व्हय. नर्सबाई कन्नडमधून बोलतात तरी व्हय. म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळतं.

२६ जानेवारी, गुरुवार

निपाणीला जाऊन आलो, कपडे आणायला. दवाखाना बंद. पाटीखाली चारजणी बसल्या होत्या, डोळ्याला पदर लावून. कंपाउंडर मष्णू थेंब देऊन वाटेला लावत असणार. माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?

घरी या वहीची मागची पानं उलटली. ११ नोव्हेंबर. माझ्याच अक्षरात: ‘डोळा लाल नाही, पाणी नाही, दुखत नाही.’ लाल न होणारा खकाणा कुठल्या गाढवानं पाहिलाय? उजवा डोळा सोडून एकट्या डाव्यात जाणारा खकाणा? सगळं लिहिलंय, एक-एक लक्षण, पुस्तकातल्यासारखं. आणि त्याखाली थेंब. २ डिसेंबरला हात जड झाला हेही लिहिलंय! माझ्या कपाटात ॲस्पिरिनचा हजार गोळ्यांचा डबा. रोजची अर्धी गोळी. तेवढ्यानं कदाचित —

नाही लिहीत.

२८ जानेवारी, शनिवार

वॉर्डात बसून बसून जुनं आठवतं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा, आक्का वीसची. लग्न होऊन गेलेली, पण नवरा वारल्यावर तान्ह्या यल्लव्वाला घेऊन परत आली, तेव्हा मी मॅट्रिकला होतो. वखारीत ती चाळणीवर बसायची. संध्याकाळी नळाखाली डोळे धुवायची आणि मला ओरडून म्हणायची, "तू हिकडं येऊ नगंस, तुझं डोळं पुस्तकाचं हायती!" हुबळीला मेडिकलला पाच वर्षं होतो, ती तिच्या चाळणीवर. मी डॉक्टर झालो तेव्हा आमच्या गल्लीत पेढे तिनं वाटले, आणि वरच्या गल्लीतल्या एकानंही ते घेतले नाहीत. ती म्हणाली, "घेतील. येक दिस नाडी दावाय येतील."

डोळ्याचं म्हटलं की मला खकाणाच दिसतो तो यामुळं. मी पुस्तकातनं नाही, तिच्या डोळ्यांतनं शिकलो ते. बाहेरचा डॉक्टर असता तर त्यानं दोन प्रश्न जास्त विचारले असते. मला वाटलं, मला माहीत आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यल्लव्वा खाटेच्या पायथ्याशी बसून असते. आज परत म्हणाली, "माझंच चुकलं, मामा." मी एका वाक्यात सोडवू शकलो असतो तिला — पोरी, घागर उचलून मानेत गुठळी होत नसते. पण मग ती विचारणार, तर कशानं झाली? म्हणून गप्प बसलो. सव्वीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर माझी घागर ठेवून मी गप्प बसलो!

३१ जानेवारी, मंगळवार

सकाळी राउंडच्या आधी आक्का अस्वस्थ. डावा हात उचलून तळवा डाव्या डोळ्यावर ठेवी. काढी. परत ठेवी. माझ्याकडं बघे. "व्हय, व्हय!" नर्सला वाटलं उजेड डोळ्यावर येतोय, तिनं खिडकी लावली. आक्कानं मान हलवली आणि पुन्हा तळवा डोळ्यावर.

पूर्ण वॉर्डात मला एकट्याला कळत होतं ती काय सांगते ते. पडदा परत पडला होता. औषध चालू असताना! म्हणजे पुढचा झटका दारात उभा.

हुद्दार आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. नोव्हेंबर, डिसेंबर, थेंब, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नातलगाचा डॉक्टर डॉक्टर राहत नाही, हे मला समजतं. पण खरं सांगायला डॉक्टर असावं लागत नव्हतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग माझ्या देखत कागदावरचा ‘नाही’ खोडून ‘होय, तीन वेळा’ लिहिलं आणि खाली सही केली. दहा दिवस फुकट गेले.

पुण्याला एक सर्जन आहेत, डॉ. पेंढारकर. विलायतेत हे ऑपरेशन शिकून आलेत. हुद्दारांनी तिथल्या तिथं ट्रंक कॉल लावला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्यात. आक्काला रस्त्यात काही झालं नाही. एवढंच पुरे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अँजिओग्राफी. जांघेतल्या नाडीतनं बारीक नळी वर मानेपर्यंत नेतात आणि औषध सोडून भराभर फोटो काढतात. औषध सोडलं की तोंड भाजल्यासारखं होतं. आक्का ओरडली — पण काय ओरडली! "बेडा! बेडा!"

 पंधरा वर्षं तिचा वखारीतला मुकादम कन्नड होता, त्याच्याशी रोज भांडून पाठ झालेला शब्द. नको म्हणायला मराठी सापडत नव्हतं, कन्नड सापडलं! मी बाहेर येऊन हसलो आणि मग रडलो. चोवीस दिवसांनी तिनं कशाला तरी नको म्हटलं होतं.

फिल्म पाहिली. डावी कॅरोटिड जिथं दोन फांद्यांत फुटते तिथं आत जाणारी वाट सुतासारखी. आणि त्या सुताच्या टोकाला लोंबणारी सावली. पेंढारकरांनी पेन्सिलनं दाखवलं, "ही तुमची गुठळी. चरबी साठून नाडी अरुंद झालीय, त्यावर रक्त साकळलंय. यातले कण सुटतात." मी मान हलवली. दोन महिने मी त्या सावलीवर डोळ्याचे थेंब टाकत होतो.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पेंढारकर स्पष्ट बोलतात. नाडी उघडून गुठळी आणि चरबी काढून टाकता येईल. पण काढताना कण सुटला तर टेबलावरच दुसरा झटका येईल, जीवही जाईल. नाही केलं तर दुसरा झटका येणारच, कधी ते देव जाणे. (मी देव म्हणालो नाही, ते म्हणाले.) मेंदूची सूज उतरायला अजून दोन-तीन आठवडे थांबायचं, तोवर हेपॅरिन, नंतर ऑपरेशन. ठरवायचं तुम्ही.

तुम्ही म्हणजे कोण? यल्लव्वा म्हणाली, "मामा सांगतील तसं." सगळं जग म्हणतं मामा सांगतील तसं! मामानं सांगितलेलं काय झालं ते कुणाला माहीत आहे?

शेवटी आक्कालाच विचारलं. खाटेवर बसलो, तिचा डावा हात धरला. नाडी कशी चोंदलीय, काय कापणार, काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. तिला समजतं, बोलता येत नाही एवढंच.

"करूया?"

"व्हय."

त्या ‘व्हय’चा काय भरवसा? उलट विचारलं. "मग नको करूया? घरी जाऊया?"

"बेडा!" — आणि माझ्या हातावर चापट मारली.

कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा. नाव लिहायला तिला मीच शिकवलं होतं, रात्रशाळा निघाली तेव्हा. उजव्या हातानं.

६ मार्च, मंगळवार

झालं!

मला आत उभं राहायची परवानगी दिली, कोपऱ्यात, हात मागं बांधून. मानेवर चार बोटांची चीर. नाडी निळसर नाही, पांढरट दिसते, हे मी विसरलो होतो. खाली-वर चिमटे लावले, मेंदूचं रक्त तुटू नये म्हणून आतून छोटी नळी बसवली, आणि नाडी उभी चिरली. पेंढारकरांनी कातरीच्या टोकानं आतला थर सोलून बाहेर काढला आणि मला हाक मारली, "या, डॉक्टर, बघा."

पिवळट, चिवट, आणि त्याला चिकटलेली काळपट गुठळी. हरभऱ्याच्या डाळीएवढी. एवढीशी! तिनं आक्काचा हात नेला, वाचा नेली. माझ्या पत्र्याच्या खुर्चीवर ती बसली होती तेव्हा ही तिथंच होती, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मी मान खाली घालून थेंबांची बाटली शोधत होतो.

शिवलं. चिमटे सोडले. अडीच तास. भूल उतरल्यावर पेंढारकर म्हणाले, "डावा पाय हलवा. आता उजवा." दोन्ही हलले. नवा झटका नाही.

नंतर मी मानेवर नळी ठेवली. आवाज नाही. नुसता ठोका.

२० मार्च, मंगळवार

निपाणी. गल्लीत फटाके लावले पोरांनी. आक्का गाडीतनं उतरली, काठी धरून चार पावलं चालली. उजवा हात कोपरापर्यंत उचलतो, बोटं मिटत नाहीत. मिटणारही नाहीत. पेंढारकरांनी सांगितलंय, ऑपरेशन पुढचा झटका टाळायला असतं, झालेला परत आणायला नसतं.

बायाबापड्या माझ्या पाया पडायला लागल्या. "भाऊ डागदर हुता म्हनून जगली!" यल्लव्वा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो नाही की चूप बसा. मी म्हणालो, "पुण्याच्या डॉक्टरांचं यश." विनयशीलपणा! लोकांना ते आणखीच आवडलं.

२९ मार्च, गुरुवार

आक्काकडं रोज सकाळी जातो. ॲस्पिरिनची अर्धी गोळी मी स्वतः देतो. आता! शब्द नऊ झाले — व्हय, बेडा, च्या, यल्ली, सत्या, चल, बाय, आन, लई. मोजून ठेवलेत. आज "सत्या" म्हणून माझ्या गालावर डावा हात फिरवला. मला तिच्यासमोर बसवत नाही फार वेळ.

घरी हिला सगळं सांगितलं. ही ऐकून म्हणाली, "आक्कांना सांगायचं धाडस नसलं तर नका सांगू. पण त्या पोरीला सांगा. ती वाळत चाललीय." खरंय. यल्लव्वा जेवत नाही धड. विड्या वळता वळता थांबते आणि बघत राहते. त्या दोन घागरी काही सुटत नाहीत तिच्या डोक्यातनं.

उद्या सांगतो.

३० मार्च

सांगितलं नाही.

७ एप्रिल, शनिवार

एक गोष्ट मात्र करतोय. डोळ्याची तक्रार घेऊन येईल त्या प्रत्येकीला खुर्चीवर बसवतो. एक डोळा की दोन? लाल होता का? पडदा वरनं आला का? मग मान. बायका बुजतात. एक म्हणाली, "डागदर, डोळं दुखत्यात, मान न्हाय." दिवसाला पस्तीसच पेशंट होतात, बाकीचे परत जातात. मष्णू कुरकुरतो. कुरकुरू दे. चाळीस मानांत अजून एकही आवाज नाही मिळाला. मिळायला पाहिजे असंही नाही.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. मिरवणूक, निळे झेंडे, भाषणं. आणि शेवटी तरुण मंडळाचा अध्यक्ष नागोजी माईकवर — "आता आपल्या समाजाचे भूषण, ज्यांनी सख्ख्या बहिणीला मरणाच्या दाढेतनं ओढून आणलं, त्या डॉक्टर सत्याप्पा मधाळेंचा सत्कार!"

मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. शाल घातली, हार घातला. वरच्या गल्लीतले व्यापारीही आले होते, टाळ्या वाजवत होते. आक्काला पुढच्या रांगेत खुर्ची दिलेली. ती डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होती, एका हातानं टाळी कशी वाजवणार! तोंडभर हसत होती. चौदा वर्षांत मी तिला एवढं खूश पाहिलं नव्हतं.

मला बोलायला सांगितलं. मी माईकसमोर उभा राहिलो. ठरवलं, आता बोलायचं. इथंच. बाबासाहेबांच्या फोटोसमोर खोटं कसं बोलणार? तोंड उघडलं आणि समोर आक्का हसताना दिसली, तिच्या मागं ती वरच्या गल्लीची माणसं दिसली. म्हणालो, "शिका. शिक्षणानंच हे होतं." टाळ्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हातात हार घेऊन केलं. घरी येऊन शाल कपाटात कोंबली. यल्लव्वा कार्यक्रमाला आलीच नव्हती.

२२ एप्रिल, रविवार

आक्काला सांगून टाकलं. दुपारी, घरात दोघंच होतो. खाली बसलो, तिच्या पायापाशी. "आक्का, तू दोनदा आलतीस. मला तवाच कळायला पायजे हुतं. मी बघितलंच न्हाय. तुझा हात माझ्यामुळं गेला." किती वर्षांनी तिच्या बोलीत बोललो!

तिनं ऐकलं सगळं. डोळे पुसले — माझे, तिच्या पदरानं. मग म्हणाली, "बेडा." पुन्हा, "बेडा, सत्या." काय नको? रडू नको? सांगू नको? की माफी नको? विचारत राहिलो. ती मान हलवत राहिली आणि शब्द सापडत नाही म्हणून स्वतःवरच चिडली.

आता राहिली यल्लव्वा. तिच्याकडं शब्द आहेत, ती विचारेल. म्हणून तिचं भय जास्त वाटतं.

२ मे, बुधवार

यल्लव्वाला सांगितलं. खकाणा, थेंब, बेळगावचा ‘नाही’, काही ठेवलं नाही. म्हणालो, घागरीनं काही झालं नाही, पोरी, तुझं काही चुकलं नाही.

तिनं विड्यांचं सूप बाजूला सारलं. "कुठली घागर, मामा? माझं चुकलं ते येगळंच."

मग तीच बोलली. जानेवारीच्या आठ तारखेला दोघी संकेश्वरला लग्नाला गेल्या होत्या. मांडवातच आक्काच्या डोळ्यावर पडदा आला. शेजारच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. साखर कारखान्याचा गाव, त्यांना खकाणा ठाऊक नाही. त्यांनी मानेला नळी लावली आणि चिठ्ठी लिहून दिली — मानेतली नाडी चोंदलीय, आजच्या आज मोठ्या इस्पितळात न्या. येताना एसटीत आक्कानं ती चिठ्ठी फाडून खिडकीतनं टाकली. आणि लेकीला शपथ घातली, यातलं मामाला कधी कळू द्यायचं नाही.

"आई म्हनली, डागदरची सख्खी भईन दुसऱ्या डागदरच्या दारात गेली असं निपानीत कळलं तर सत्याकडं कोन ईल? लोक आत्ता कुठं आपल्या हातचं औशद घ्याय लागल्यात."